काचेमागची भिंत

लेहजवळच्या एका गावात जानेवारीतल्या सकाळी साडेदहा वाजता मी स्वेटर काढून बसलो होतो. बाहेर दोरीवरचा टॉवेल पत्र्यासारखा ताठ झाला होता, आणि अंगणातल्या बादलीतलं पाणी फोडायला लोखंडी सळई लागत होती. मी बसलो होतो त्या खोलीत मात्र ना शेगडी होती ना हीटर. दक्षिणेची भिंत जवळजवळ सगळी काचेची, खाली गालिचे, पुढ्यात ‘चोकत्से’ नावाची बुटकी रंगीत मेजं, आणि उन्हात पाय पसरून बसलेलं सगळं घर. कुणी लोकर कातत होतं, कुणी अभ्यास करत होतं, एक पोर सुकवलेले जर्दाळू चघळत होतं. (जर्दाळूला तिकडे ‘चुली’ म्हणतात. ‘चुली घ्या’ असं कुणी म्हटलं की मराठी माणूस क्षणभर दचकतो.)

या खोलीला लडाखीत ‘शेल-खांग’ म्हणतात. शेल म्हणजे काच, खांग म्हणजे घर. इंग्रजी ‘सनरूम’मध्ये उन्हाचं नाव आहे, लडाखी शब्दात काचेचं. खोली चालते ती या दोघांच्या मागे उभ्या असलेल्या भिंतीमुळे, पण तिला दोन्ही भाषांनी नावात जागा दिलेली नाही.

त्या दिवशी साडेतीन-चारच्या सुमारास ऊन डोंगराआड गेलं. कुणी काही बोललं नाही, पण सगळे उठले. घरच्या बाईंनी, म्हणजे आमा-लेंनी, मेजावरचे पेले गोळा केले, काचेवर जाड पडदे ओढले, मधलं दार लावून घेतलं आणि आम्ही आतल्या स्वयंपाकघरात चुलीभोवती जाऊन बसलो. रात्री ‘तिकडे परत कधी बसायचं?’ असं मी विचारल्यावर त्यांना प्रश्नाचीच गंमत वाटली. ‘उद्या. ऊन आलं की.’

घराला उन्हाची खोली जोडायचा विचार ज्याच्या मनात असेल त्याने हे उत्तर आधी लक्षात घ्यावं. काचेची निवड, चौकटीचा रंग हे सगळं त्याच्या पुढचं आहे.

आता ती खोली तापते कशी ते पाहू. निरभ्र दुपारी सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. लेह ३५०० मीटर उंचीवर आहे, हवा विरळ आणि कोरडी, त्यामुळे तिथलं ऊन हिवाळ्यातही धारदार असतं. काच हे ऊन बहुतेक सगळं आत येऊ देते. आतली जमीन, भिंत, गालिचे, माणसं ते शोषून तापतात आणि आपली उष्णता बाहेर टाकू लागतात. ती उष्णता मात्र वेगळ्या, कितीतरी लांब तरंगलांबीची असते, आणि तिच्यासाठी साधी काच अपारदर्शक असते. आत यायला वाट आहे, जायला नाही, असं शाळेच्या पुस्तकात असतं ते हेच.

पण ही गोष्ट अर्धीच खरी आहे. १९०९ साली रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने दोन पेट्या उन्हात ठेवल्या. एकीवर काच, दुसरीवर सैंधवाचं पारदर्शक तावदान. होय, आपण उपासाला वापरतो तेच खनिज मीठ. सैंधव उष्णतेच्या लांब तरंगांना अडवत नाही, तेव्हा ती पेटी गार राहायला हवी होती. दोन्ही पेट्यांचं तापमान जवळजवळ सारखंच, ५५ अंशांच्या आसपास गेलं. याचा अर्थ, काचेचं मोठं काम तरंग अडवण्याचं नसून तापलेली हवा वर उठून निघून जाऊ न देण्याचं आहे. वुडचा हा प्रयोग मी मुद्दाम सांगतोय. पुढे पुण्यातल्या एका गच्चीवर आपल्याला तो पुन्हा भेटणार आहे.

शेल-खांगच्या काचेचं क्षेत्रफळ ९ चौरस मीटर धरलं तर डिसेंबरच्या दुपारी तिथून सुमारे ५ ते ६ किलोवॅट उष्णता आत येते. घरातल्या साध्या एक किलोवॅटच्या रूम हीटरचे पाच-सहा डबे एकदम लावल्यासारखं. रात्री काय होतं? एकेरी काचेतून, दोन्ही बाजूंच्या तापमानात एक अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरमागे पावणेसहा वॅट उष्णता निघून जाते. आत १० अंश आणि बाहेर उणे १५ असेल तर त्याच ९ चौरस मीटरमधून सतत सव्वा किलोवॅटच्या वर गळती सुरू. दुहेरी काच लावली की ती निम्म्यावर येते. दिवसाची कमाई पाच-सहा तासांची आणि खर्च चोवीस तासांचा. नुसती काच असेल तर सूर्य मावळल्यावर तासा-दोन तासांत शिल्लक संपते.

म्हणून भिंत. मातीच्या विटांची किंवा ठोकून घट्ट केलेल्या मातीची, ४० सेंटिमीटर जाड, चार मीटर लांब, सव्वादोन मीटर उंच अशी भिंत सुमारे सहा टनांची होते. तिचं तापमान एका अंशाने वाढवायला जेवढी उष्णता लागते ती खोलीतल्या सगळ्या हवेला लागणाऱ्या उष्णतेच्या दोनशे पटींहून जास्त आहे. हवा म्हणजे खिशातली चिल्लर, भिंत म्हणजे पेढी. शिवाय माती उष्णता सावकाश पुढे सरकवते. तीस-चाळीस सेंटिमीटरची भिंत पार करायला तिला साधारण आठ ते बारा तास लागतात. दुपारी काचेच्या बाजूने शिरलेली ऊब स्वयंपाकघराच्या बाजूला रात्री पोचते. आमा-लेंनी दार लावून घेतलं तेव्हा त्या उन्हाकडे पाठ फिरवत नव्हत्या, दुपारचं ऊन दुसऱ्या बाजूने घ्यायला जात होत्या.

हीच कल्पना आवळून घेतली की तिची ‘त्रोंब भिंत’ होते. खोलीच नाही, फक्त जाड काळी भिंत आणि तिच्यापुढे काही सेंटिमीटरवर काच. एडवर्ड मोर्स या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने १८८१ सालीच तसं पेटंट घेतलं होतं, पण नाव राहिलं ते फेलिक्स त्रोंब या फ्रेंच अभियंत्याचं. त्याने आणि झाक मिशेल या वास्तुरचनाकाराने १९६७ साली पिरेनीज डोंगरातल्या ओदेयो गावी अशी घरं बांधली. लडाखमध्येही या भिंती बऱ्याच उभ्या राहिल्या. १९८८ साली सुरू झालेल्या ‘सेकमॉल’ या संस्थेचं फे गावाजवळचं आवार पाहिलं तर या सगळ्याचा मेळ दिसतो. इमारती मातीच्या, तोंड दक्षिणेला. थंडी आली की दक्षिणेच्या अंगाला पारदर्शक प्लास्टिकचा पडदा टांगायचा, उन्हाळा आला की गुंडाळून ठेवायचा. म्हणजे खोलीच हंगामी! ते प्लास्टिक पाहून नाक मुरडणारे पाहुणे मी पाहिलेत. मला तर ती या विषयातली सगळ्यात शहाणी तजवीज वाटते.

बांधकामातल्या दोनच गोष्टींवर जरा रेंगाळू, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. पहिली गोष्ट छपराची. सनरूम म्हटलं की वरही काच, रात्री चांदणं दिसणार, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. हिशेब उलटा आहे. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, तेव्हा उभी काचच त्याला सामोरी जाते. छपराची काच तेव्हा तिरकं, पातळ ऊन घेते आणि रात्रभर उघड्या आकाशाला उष्णता देत बसते. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा मात्र तीच काच सगळं ऊन झेलते. नको तेव्हा भरपूर आणि हवं तेव्हा थोडं. वर काच लावायचीच असेल तर ती लॅमिनेटेड हवी. टफन काच फुटली की तिचे बारीक दाणे होतात हे खरं, पण तेही डोक्यावर पडायला नकोत.

दुसरी गोष्ट पुढे आलेल्या छज्ज्याची. लेहला २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून ७९ अंश उंच असतो, २२ डिसेंबरला फक्त ३२ अंश. दोन मीटर उंच काचेवर नुसता ४० सेंटिमीटरचा छज्जा काढला, तर जूनच्या मध्यान्ही सगळी काच सावलीत जाते आणि डिसेंबरात वरची २५ सेंटिमीटर सोडून बाकी सगळी उन्हात राहते. ना मोटर, ना पडदा, ना माणूस. फक्त हे गणित दक्षिणेच्या भिंतीलाच लागू पडतं. पूर्व-पश्चिमेला ऊन आडवं येतं, त्याला छज्जा काय करणार?

युरोपात काचेची खोली आली ती माणसांसाठी नव्हे, झाडांसाठी. राजेरजवाड्यांना थंडीत संत्र्याची झाडं जगवायची हौस होती. व्हर्सायचं प्रचंड ‘ओरांझरी’ १६८०च्या दशकात बांधलं गेलं ते कुंड्यांतली झाडं हिवाळ्यात आत घ्यायला. उन्हाळ्यात झाडं बाहेर. पुन्हा हंगामीच. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ साली आणि खिडक्यांवरचा १८५१ साली रद्द झाला. काच स्वस्त झाली, आणि सुखवस्तू घरांच्या मागे काचेच्या खोल्या फुटू लागल्या. कुंड्यांच्या शेजारी वेताची खुर्ची आली, खुर्चीमागून चहाचं टेबल आलं, आणि पुढच्या शतकात त्या टेबलाखाली हीटर. झाडाला आत-बाहेर नेत होते तोवर सगळं ठीक होतं, माणसाने तिथे बारा महिने बसायचं ठरवलं आणि ती खोली इंधन खाऊ लागली.

हे मी न्यू जर्सीत पाहिलं, एडिसनला, माझ्या मावसभावाकडे. तिकडच्या मराठी घरांत सनरूम हा गप्पांचा ठरलेला विषय आहे. पॉटलकला चार कुटुंबं जमली की एक तरी जण ‘आम्ही डेक काढून सनरूम करतोय’ असं सांगतो. त्या वाक्यातच घोटाळा आहे. डेक असतो घराच्या मागे, आणि घराची मागची बाजू कुठल्या दिशेला असावी हे सूर्याला विचारून कुणी ठरवलेलं नसतं. भावाची मागची बाजू वायव्येला आहे. तिथे डिसेंबरात, मध्यान्हीचा सूर्य जेमतेम २६ अंशांवर असताना, ऊन येतं ते घराच्या सावलीतून वाट काढत, जवळजवळ नाहीच.

तिथले कंत्राटदार दोन तऱ्हा सांगतात: थ्री-सीझन आणि फोर-सीझन. पहिलीत काच साधी, पाया हलका, घराच्या हीटिंगशी संबंध नाही, मधे घराचं बाहेरचं दार तसंच. कडक थंडीत ती बंद ठेवायची. दुसरीत उष्णतारोधक पाया आणि छप्पर, दुहेरी किंवा तिहेरी काच, घराच्या डक्टला जोड. किंमत अर्थातच बरीच वर. भावाने फोर-सीझन घेतली, कारण ‘थ्री कशाला, फोर घे’ असं कुणीही म्हणेल. मग सलगता हवी म्हणून मधलं सरकतं दार काढून टाकलं. त्या दाराबरोबर खोलीचा सगळा शहाणपणा गेला. आता जानेवारीत ती खोली दिवाणखान्याची ऊब ओढून घेते, जुलैत एसीची हवा, आणि बिल आलं की नवरा-बायको थर्मोस्टॅटपाशी उभे राहून एकमेकांकडे पाहतात.

पायाचं काम मात्र कंत्राटदाराने नीट केलं होतं. थंड मुलखात जमिनीतलं पाणी गोठतं, फुगतं आणि वरचं बांधकाम उचलतं. म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो: न्यू जर्सीत साधारण तीन फूट, टोरांटोत चार. जुना डेक चार खांबांवर उभा होता म्हणून त्याच खांबांवर सनरूम चढवणारेही असतात. दोन हिवाळ्यांत नवी खोली जुन्या घरापासून बोटभर सुटते आणि त्या फटीतून वितळलेलं बर्फ आत येतं. नवं बांधकाम बसतं, जुनं आधीच बसलेलं असतं. जोडावर भेग येणार हे धरूनच तिथे पाणी वळवणारी पत्र्याची पट्टी लावायची असते. नुसतं सिलिकॉन मारून भागत नाही, एडिसनला नाही आणि पुण्यातही नाही.

त्या खोलीचा खरा उपयोग मावशीने शोधला. ती हिवाळ्यात मुलाकडे गेली होती. हीटिंगची हवा अति कोरडी, ओठ फुटतात, हे तिने दोन दिवस सोसलं आणि तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं पसरून साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. बर्फ पडत असताना वाळवण! दोन दिवसांत खडखडीत. डॉक्टरांनी तिला ड जीवनसत्त्वासाठी उन्हात बसायला सांगितलं होतं, म्हणून मिळेल त्या तिरिपेत ती पापड्या राखत बसायची. पापड्या वाळल्या, जीवनसत्त्व काही मिळालं नसणार. त्वचेत ते तयार करणारे अतिनील-ब किरण खिडकीची साधी काच अडवते. ऊब आत येते, उजेड येतो, तो गुण बाहेरच राहतो. तसंही न्यू जर्सीच्या डिसेंबरात बाहेर बसूनसुद्धा त्यातलं फारसं हाती लागत नाही.

आता पुणे. आपल्या हवेत उन्हाची खोली हवी कुणाला, असा प्रश्न पडेल, आणि तो रास्त आहे. आपल्या घरांनी ऊन बाहेर ठेवण्याचीच विद्या जोपासली. अंगण, मग ओसरी, मग पडवी, मग माजघर. प्रत्येक पायरीला उजेड थोडा कमी, गारवा थोडा जास्त. कोकणात कौलारू छपरात काचेचं एक कौल बसवत, त्यातून माजघरात पडणारा कवडसा दुपारभर सरकत राही. एवढंच ऊन घरात घ्यायचं, हे ठरलेलं. ऊन खायचं तर थंडीत सकाळी ओसरीवर, रात्री उकडलं तर गच्चीवर. माणूस घरातल्या घरात तासागणिक जागा बदलायचा. फ्लॅटमध्ये ती सोय राहिली नाही, म्हणून गच्चीला काचा लावायची हौस आली.

कोथरूडला माझ्या आतेभावाचा वरच्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, लगत गच्ची. टेकडीचा व्ह्यू पश्चिमेला, म्हणून काचाही पश्चिमेला. सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी, चटई क्षेत्राचा हिशेब, स्लॅबवरचं वजन, यांत वर्ष गेलं. मग फॅब्रिकेटरने अॅल्युमिनियमच्या सेक्शनमध्ये पाच पल्ले, वर पॉलिकार्बोनेटचं छप्पर असं पंधरा दिवसांत उभं केलं. डिसेंबरात गृहप्रवेशासारखा चहा झाला. एप्रिलमध्ये त्या खोलीत मेणबत्ती वाकलेली मी पाहिली.

आकडे साधे आहेत. उतरत्या दुपारी पश्चिमेच्या ९ चौरस मीटर काचेतून सुमारे चार किलोवॅट उष्णता आत येते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट बाहेर काढतो. म्हणजे टनाहून जास्त एसी फक्त टेकडी पाहण्यासाठी. भावाने आतून जाड पडदे लावले. पण ऊन काचेच्या आत आल्यावर पडद्याने अडवून काय उपयोग, पडदा तापतो आणि खोलीला तापवतो. अडवायचं तर काचेच्या बाहेर, वाळ्याच्या पडद्याने, बांबूच्या चटईने. त्यातून हा सेक्शन साधा. अॅल्युमिनियम उष्णता वाहून नेण्यात यूपीव्हीसीच्या हजार पट पटाईत असतं, तेव्हा चौकटीला हात लावला की चटका.

काचा दक्षिणेला असत्या तर? पुण्यात मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस आपल्याला ठाऊक असतो. तिथून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. त्या सगळ्या काळात दक्षिणेच्या काचेवर मध्यान्हीचं ऊन पडतच नाही. डिसेंबरात तो ४८ अंशांवर उतरतो आणि खोलीत कोवळं ऊन देतो. पण दक्षिणेला शेजारच्या इमारतीचं स्वच्छतागृह दिसत होतं.

शेवटी उपाय सुचवला तो भावाच्या व्याह्यांनी. ते मावळातले, तळेगावच्या बाजूला पॉलिहाऊसमध्ये गुलाब घेतात. व्हॅलेंटाइन डेच्या आधी त्यांना फोनवर बोलायलाही सवड नसते. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ते सहज आले, त्या खोलीत पाऊल टाकलं आणि बसायच्या आधी त्यांनी वर पाहिलं.

‘पाहुणे, ह्याला वरून उघडतं कुठं?’

उघडत नव्हतं. वुडच्या पेटीसारखी तापलेली हवा छपराला चिकटून राहिली होती. पॉलिहाऊस बांधणारा माणूस शिखरावरची खिडकी आधी ठरवतो, बाजूचे पडदे वर-खाली होतील हे पाहतो, वर शेडनेट ओढतो. त्याच्यासाठी काच किंवा प्लास्टिक ही ऊन कमी-जास्त करायची चावी असते. ‘झाडाला आम्ही एवढं शिजवत नाही,’ व्याही म्हणाले, आणि वहिनी पहिल्यांदा मोकळेपणी हसल्या.

छपराच्या उंच कडेला दोन फुटांची उघडती पट्टी कापली. पॉलिकार्बोनेटवर शेडनेट आलं. सरकते पल्ले रुळातून उचलून काढता येतात हे फॅब्रिकेटरने सांगितलंच नव्हतं, तेही कळलं. आता होळी झाली की पाचही पल्ले उतरतात, त्यांच्या जागी बाहेरून वाळ्याचे पडदे लागतात आणि ती खोली परत गच्ची होते. पावसाळ्यात झड आत येते, तेव्हा तिथे फक्त कुंड्या असतात. तुळशीचं लग्न झालं की पल्ले पुन्हा चढतात. मधले आठ महिने ते पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगाखाली, जुन्या चादरीत गुंडाळलेले.